माझ्या बहिणीला विचारा

माझी अक्का ब्लाउज शिवायची. बीदरजवळ जनवाड्यात आमच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. दुपारची जेवणं आटोपली की बायका माप द्यायला यायच्या, आणि अक्का गळ्यात टेप टाकून एकेकीशी तिच्या तिच्या बोलीत बोलत राहायची. आमच्या गल्लीतल्यांशी मराठी, वरच्या गल्लीतल्यांशी कन्नड, मशिदीमागच्या सुनांशी दखनी. ती मोठ्यानं हसायची. माय आतून ओरडायची, "हळू गं, रस्त्यावर आवाज जायलाय." एखाद्या बाईच्या पाठीवर वळ दिसला तर अक्का काही विचारत नसे. ब्लाउजचा मागचा गळा तेवढा वर घ्यायची आणि कपडा देताना म्हणायची, "आता हीच फॅशन हाय."

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं ज्यांनी ज्यांनी तिला पाहिलं, त्यांनी फक्त एक ओरडणारी बाई पाहिली.

अप्पा आम्ही लहान असतानाच गेले. मायनं शाळेत पोरांचा भात शिजवून आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. मी शिक्षिका झाले, बीदरजवळच्या एका मराठी शाळेत अजून शिकवते. अक्काचं लग्न अफजलपूरकडं, भीमेच्या काठच्या एका गावात झालं. दाजी साखर कारखान्यात हंगामी कामाला होते. माणूस वाईट नव्हता. बाळंतपणाला अक्काला माहेरी आणायला माय गेली, आणि नेमकं तिथंच, दिवस भरायच्या आधी, अक्काला कळा सुरू झाल्या. जवळ जो दवाखाना होता तिथं नेलं.

माय तिला घेऊन परत आली तेव्हा बरोबर बाळ नव्हतं. "बाळ गेलं," एवढंच मायनं सांगितलं, आणि मला मोरीकडं ओढून म्हणाली, "तिला काही इचारायचं न्हाई. एक शब्द न्हाई. इसरून जाईल."

अक्का विसरली नाही. ती झोपेनाशी झाली. मनगटं धुवायची, पुन्हा पुन्हा, कातडी सोलवटेपर्यंत. दाराची कडी लागल्याचा आवाज झाला की अंगावर गरम तेल पडल्यासारखी किंचाळायची. जी बाई दिवसभर बायकांच्या खांद्याला, दंडाला हात लावून मापं घ्यायची, तिला आता कुणी नुसता स्पर्श केला तरी ती भिंतीला जाऊन चिकटायची. मशीनवर चादर टाकून ठेवली. लोकांनी हे कर, ते कर सांगितलं. आमच्याकडं बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर, माय असल्या गोष्टींना मानत नव्हती, तरी लेकीपायी एका दर्ग्याला जाऊन आली. दाजी सुरुवातीला दर महिन्याला यायचे. मग सणाला. मग आले नाहीत.

एकदा अक्का भर दुपारी रस्त्यावर धावत सुटली आणि एसटीच्या खाली येता येता वाचली. तेव्हा आम्ही तिला गुलबर्ग्याला, एका ट्रस्टच्या मनाच्या दवाखान्यात नेलं. तिथलं पहिलं दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ती आत जायला तयार होईना. दोन अटेंडरांनी तिला काखेत धरून उचललं. दार लागलं, कडी लागली. आतून तिचा आवाज येत होता, "सोडा! हात सोडा! सोडा वो माय!" मग इंजेक्शन दिलं असणार, कारण आवाज हळूहळू बसत गेला. संध्याकाळी मला भेटू दिलं तेव्हा तिचे दोन्ही हात पट्टीनं पलंगाच्या दांड्यांना बांधलेले होते. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बांधलं न्हाई तर ती स्वतःला लागून घेती, बाई. तिच्याच भल्याचं हाय."

गोळ्यांनी ती शांत व्हायची, घरी यायची. काही महिने बरे जायचे. मग काहीतरी व्हायचं, पुन्हा तिथंच, पुन्हा अटेंडर, पुन्हा पट्टी. दर वेळी ती थोडी कमी होऊन परत यायची. बोलणं कमी, जेवण कमी. हसणं तर मी विसरूनच गेले होते.

अशाच एका खेपेला आम्ही गेलो तर डॉक्टर बदलले होते. नव्या डॉक्टर बाई होत्या, आमच्याच वयाच्या, रायचूरकडच्या. अक्का नेहमीसारखी व्हरांड्यातल्या खांबाला मिठी मारून बसली होती, अटेंडर येऊन उभे होते. डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी अटेंडरांना मागं जायला सांगितलं, आणि अक्कापासून चांगल्या हातभर अंतरावर पायरीवर बसल्या. कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "आत यायचं नाही का? बरं. इथंच बसू. मला पण आत गरम होतंय."

बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कशाला भिते ती?"

"दाराला," मी म्हणाले. "कडीला."

"मग दार लावायचंच कशाला?"

इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. त्या दिवशी अक्का संध्याकाळी स्वतःच्या पायांनी आत गेली. तिच्या खोलीचं दार उघडं राहिलं आणि बाहेर खुर्ची टाकून एक आया बसली.

डॉक्टरांना वॉर्डात बरंच काही बदलायचं होतं. ज्यांच्या आयुष्यात काहीतरी भयंकर होऊन गेलंय, त्यांना आपणच पुन्हा तसंच भयंकर वागवतो, आणि त्यांनी अंग चोरलं की त्याला आजार म्हणतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ह्या पद्धतीला इंग्रजीत नाव आहे, त्यावर जाड पुस्तकं आहेत, पण आमच्या समोर त्या साध्याच गोष्टी सांगायच्या. हात लावण्याआधी विचारा. सुई टोचण्याआधी सांगा, कशाची सुई, किती दुखेल. बायकांना बायाच धरतील, आणि तेही धरायचीच वेळ आली तर. न्हाणीघराला आतून कडी हवी. अंगावरचे कपडे काढून दवाखान्याचा झगा घालायची सक्ती नको, जिची तिची साडी जिच्या तिच्या अंगावर. बांधायचं नाही.

बांधायचं नाही म्हटल्यावर वॉर्डात भांडण पेटलं. मराठी बोलणारे पेशंट बरेच, आणि डॉक्टरांची मराठी तुटपुंजी, म्हणून पेशंट आणि स्टाफ एकत्र बसायचे त्या रविवारच्या बैठकांना मी दुभाषी म्हणून जाऊ लागले होते. त्यामुळं ते सगळं माझ्यासमोर झालं. मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट वाकडं होतं, एका पेशंटनं पिरगाळून मोडलेलं.

"तुम्ही आज आलाव, उद्या जाताव," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "हितं मार आम्ही खातो. हे बोट बगा. त्या दिवशी मला कोण इचारलं, तुला काय झालं म्हणून? दुसऱ्या दिवशी ड्युटी लावली."

मला वाटलं डॉक्टर उत्तर देतील. त्यांनी खुर्ची सिस्टरांकडं सरकवली. मग म्हणाल्या, "सांगा. आता सांगा, काय झालं ते."

सिस्टर सांगायला लागल्या आणि सांगता सांगता रडायला लागल्या. ती बैठक पुढं झालीच नाही. पण त्यानंतर दर पंधरवड्याला फक्त नर्स आणि अटेंडरांची एक बैठक व्हायला लागली, तिथं पेशंटबद्दल नाही, त्यांनी स्वतःबद्दल बोलायचं. हळूहळू मोठ्या सिस्टरांचा आवाज उतरला. त्या कधी पूर्ण पटल्या असं मी म्हणणार नाही. मधे एका पेशंटनं खिडकीची काच फोडून दुसऱ्याला जखमी केलं, तेव्हा सगळा स्टाफ डॉक्टरांवर तुटून पडला, ट्रस्टचे लोक चौकशीला आले. डॉक्टर त्या आठवड्यात फार थकलेल्या दिसत. "मला सगळं जमेल असं नाही," एवढं त्या मला म्हणाल्या होत्या. पण पट्ट्या कपाटातच राहिल्या.

त्या पावसाळ्यात अक्काला उशांचे फाटके अभ्रे शिवायला दिले होते. हातशिलाई, सुई आयाच्या नजरेसमोर. एका दुपारी मी तिच्या शेजारी बसले होते, डॉक्टर समोरच्या पलंगावर काहीतरी लिहीत होत्या. अक्का मान वर न करता म्हणाली, "माझे हात बांधले व्हते."

मला वाटलं ती ह्याच वॉर्डाबद्दल बोलते आहे.

"तिथं. बाळाच्या वेळी. मी उठून बसायली म्हणून बांधले. त्या बाईनं मांडीवर मारलं. म्हणली, नवऱ्याजवळ जाताना ओरडली व्हतीस का? मग माझं आडनाव इचारलं. आडनाव ऐकल्यावर दुसरीला म्हणली, ह्यांच्यात दरसाली एक व्हतंय, एवढा तमाशा कशाला. दार लावलं. मायला भाईर ठिवलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जवळ आल्या नाहीत. "मग?"

"मग ते बाळ नेलं. कपड्यात गुंडाळून. मी म्हणलं दाखवा. हात बांधले व्हते, न्हाई तर मीच वढून घेतलं असतं." अक्कानं दोरा दातांनी तोडला. मग माझ्याकडं वळली. किती वर्षांनी ती माझ्याकडं अशी थेट बघत होती. "तुला म्हाईत हाय का, कसं व्हतं? पोरगं का पोरगी?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं, घरात ते विचारायचं नसतं हे ठरून गेलं होतं. सगळी वर्षं आम्ही तिला आवाज ऐकू येतात का, झोप लागते का, गोळ्या घेते का एवढंच विचारत राहिलो, आणि तिला मात्र एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

ते जाणणारी एकच बाई होती, माय. डॉक्टरांनी तिला निरोप पाठवला, यावंच लागेल असा नाही, यावंसं वाटलं तर या असा. मायनं माझ्यावर चूल फुंकायची फुंकणीच उगारली. "तिला काय सांगू मी? काय सांगू? सांगितलं तर मरंल ती!" दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी पांढरी साडी नेसून, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेऊन दारात उभी राहिली. "चल," म्हणाली.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात कडुनिंबाखाली तीन खुर्च्या टाकल्या होत्या. डॉक्टर पार पलीकडं, ऐकू येणार नाही अशा ठिकाणी थांबल्या. अक्का आणि माय समोरासमोर बसल्या. माय बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"पोरगी व्हती," ती शेवटी म्हणाली.

अक्का हलली नाही.

"लई केस व्हते डोस्क्याला. काळेभोर. नाक तुझं. मी माझ्या पदरात घेतली तिला, त्यांचं फडकं टाकून दिलं. मी धुतली. तेल लावलं गं मी तिला, बाई, जिती असल्यागत तेल लावलं. मग तुझा दीर आन् मी, नदीच्या अलीकडं, बांधाला... तितं ठिवली. मी लई येळ बसले तितं. कुत्रं येईल म्हणून."

"रडली का ती?"

"न्हाई. आतच गेली व्हती."

"मला कामून न्हाई दाखिवली?"

मायचं तोंड वाकडं झालं. "तू बी गेली असतीस. मला वाटलं तू बी जाशील. एक तर ऱ्हावी माझी."

मग अक्का खुर्चीवरून उतरून मायच्या पायाशी बसली आणि तिनं मायच्या मांडीत डोकं खुपसलं. ती रडत होती, पण ते नेहमीचं किंचाळणं नव्हतं. ते कुणाचंही लेकरू गेल्यावर कुणीही रडेल तसं रडणं होतं, जे तेव्हाच व्हायला हवं होतं. मायनं तिच्या केसांतून हात फिरवला आणि अक्कानं तो फिरवू दिला. मी उठून भिंतीकडं गेले. त्या दोघींत मला जागा नव्हती.

अक्का त्यानंतर बरी झाली असं एका ओळीत लिहिलं तर खोटं होईल. गोळ्या चालूच राहिल्या. वाईट दिवस येत. पण ती घरी आली ती पुन्हा दवाखान्यात राहायला गेली नाही. महिन्यातून एकदा डॉक्टरांना भेटून यायची, तेही स्वतः बसमध्ये बसून. मशीनवरची चादर तिनंच काढली. पहिल्यांदा माझाच ब्लाउज शिवला, बाह्या वेगवेगळ्या मापाच्या झाल्या, मी तो घालून शाळेत गेले.

उसाच्या तोडणीच्या आधी आम्ही तिघी अफजलपूरच्या बसनं त्या गावाला गेलो. अक्काला जागा बघायची होती. माय बांधावरून पुढं गेली, मागं आली, पुन्हा पुढं गेली. पूर्वी तिथं बाभळ होती म्हणे. आता सगळीकडं ऊस, डोक्याच्या वर. कालवा निघाला होता, बांध फुटून दुसरीकडं बांधले होते. मायला जागा सापडेना. ती घाबरीघुबरी होऊन माफी मागायला लागली तेव्हा अक्कानं तिचा हात धरला. "माय, ऱ्हाऊ दे. हितंच असंल," म्हणाली, आणि होती तिथंच खाली बसली. घरून तिनं एक झबलं शिवून आणलं होतं, पिवळ्या कापडाचं, बोटभर. ते तिनं उसाच्या मुळाशी मातीत सरकवलं. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. सोलापूरकडून येणारी बस होती, गर्दी होती, लोक धक्के देत होते, तरी झोपली.

असं दीड-पावणेदोन वर्षं चाललं. आमच्या घरातली ती सगळ्यात चांगली वर्षं.

मग तिचं पोट दुखायला लागलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मशीनवर बसल्याबसल्या ओठ चावायची, मी विचारलं तर म्हणायची पित्त झालंय. दवाखान्यात न्यावं लागेल म्हणून ती दुखणं लपवत होती, हे कळेपर्यंत तिला ताप चढला आणि डोळे पिवळे झाले. बीदरच्या डॉक्टरांनी तपासून गुलबर्ग्याच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं, आणि तिला आयसीयूत ठेवलं.

मी तिथल्या सिस्टरना गाठून सांगितलं. हात जोडून सांगितलं. हिला बांधू नका. हिच्या बाबतीत असं असं झालेलं आहे. ही घाबरली तर नुसतं सांगा काय करताय ते, ही ऐकते. सकाळच्या ड्युटीवरच्या सिस्टर मोठ्या वयाच्या होत्या, उस्मानाबादकडच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नियम बाजूला ठेवून मला आत स्टूल दिलं. "हात धरून बसा. नळीला हात जायला लागला की बोला तिच्याशी." दिवसभर मी बसले. अक्का ग्लानीत होती. डोळे उघडायची, नाकातल्या नळीकडं हात न्यायची, मी म्हणायची, "अक्का, मी हाय, ती नळी पोटातली घाण काढायलीय," आणि ती हात खाली घ्यायची. इतकंच पुरत होतं.

दुपारनंतर रक्त लागेल म्हणून सांगितलं. रक्तपेढी शहराच्या दुसऱ्या टोकाला. अक्का जागी होती. "जाऊ नको," म्हणाली.

"रक्त घेऊन आलेच."

मी गेले तेवढ्यात ड्युटी बदलली. सकाळच्या सिस्टरांनी पुढच्यांना सांगितलं असेलही, मला माहीत नाही. मी परत आले तर दारावरच्या माणसानं अडवलं, आत नातेवाईक चालत नाहीत म्हणाला. रक्ताची पिशवी त्यानं आत दिली, मला नाही. दाराच्या गोल काचेतून मला तिचा पलंग दिसत होता. दोन्ही हात पट्टीनं बांधलेले होते.

मी दारावर थापा मारल्या. ओरडले. लोक जमले. कुणीतरी मला बाजूला घेऊन खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं, आणि मला कळत होतं की आता ह्या सगळ्यांना मीही एक ओरडणारी बाई दिसते आहे. मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या आपलं काम टाकून आल्या. आत गेल्या, भांडल्या, पट्ट्या सोडवल्या. पण तोवर अक्काचं बी.पी. उतरायला लागलं होतं. डॉक्टरांनी मला आत घेतलं. तिच्या मनगटांवर पट्टीचे लाल वळ होते. मी तिचा हात धरला, बोलत राहिले. तिनं डोळे उघडले नाहीत. दिवस मावळायच्या सुमाराला ती गेली.

ऑपरेशनच उशिरा झालं होतं, विष अंगात पसरलं होतं, हात मोकळे असते तरी कदाचित ती वाचली नसती. डॉक्टरांनी मला हे नीट समजावून सांगितलं, आणि ते खरंच असणार. ती जगली असती असं मी म्हणत नाही. ती तशी मरायला नको होती, एवढंच म्हणते.

जनवाड्यात भंतेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं. तिनं ज्यांचे ब्लाउज शिवले त्या सगळ्या गल्ल्यांतल्या बायका आल्या. मनाच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर बस बदलत बदलत आल्या, मायसमोर बसल्या, आणि तिचे पाय चेपत राहिल्या. मायनं कुणाला दोष दिला नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टरांनी मला विचारलं, त्या मोठ्या दवाखान्यात नर्सांचं एक प्रशिक्षण आहे, त्यात बोलशील का. नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, हेही सांगितलं. मी गेले. कारण वॉर्डात सगळं शिकवून काय उपयोग, माणूस वॉर्डाच्या बाहेर पडला की पुन्हा तेच. मी अक्काचं सगळं सांगितलं, मशीनपासून. शेवटी एक तरुण नर्स उठली. "मॅडम, पेशंटनं नळी ओढली आणि त्यात तो गेला तर आम्हाला धरतात. आयसीयूत ड्युटीला एकच नर्स असली तर आम्ही काय करायचं?"

डॉक्टर म्हणाल्या, "बरोबर विचारताय. एकटीनं होणार नाही हे. माणूस मागा. नातेवाईक बसवा." मागच्या रांगेतल्या वरिष्ठांनी ते लिहून घेतलं. पुढं खरंच तिथं घाबरलेल्या पेशंटजवळ एका बाईमाणसाला बसू द्यायला लागले, दिवसा तरी. आमच्या डॉक्टर मात्र नंतर बेंगळुरूकडं गेल्या. मनाच्या दवाखान्यात न्हाणीघराला आतून कडी अजून आहे. पट्ट्या कधीकधी कपाटातून निघतात, असं सिस्टर फोनवर सांगतात.

त्या प्रशिक्षणाच्या दिवशी मी जिना उतरत होते तर ती तरुण नर्स मागून धावत आली. भिंतीशी उभी राहिली.

"त्या दिवशी मी ड्युटीवर होते," म्हणाली. "तुमच्या अक्काच्या वेळी. मीच बांधले."

मी कठडा धरला.

"त्यांनी नळी अर्धी काढली होती. मी नवीन होते, घाबरले. बांधताना त्या ओरडल्या नाहीत, मॅडम. एकदम हळू बोलल्या. 'सोड, मी न्हाई वढणार. माझ्या बहिणीला इचार.'"

"मग?"

"मी म्हटलं, डॉक्टरांना विचारते. तेवढ्यात पलीकडच्या पेशंटचा श्वास बंद पडला. मी तिकडं गेले. मग राहूनच गेलं." ती रडत होती. तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्याजवळ नव्हतं. मी तिच्या दंडाला हात लावावा की नाही ते मला कळेना. लावला नाही. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढं म्हणून मी बसस्टँडकडं चालू लागले.

हुमनाबादपर्यंत मी विचार करत होते, हे मायला सांगायचं का. तिचं वय झालं होतं, जेवण सुटलं होतं. मग कडुनिंबाखालची ती खुर्ची आठवली आणि घरी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं.

माय भाजी निवडत होती. निवडायची थांबली. मग म्हणाली, "काय म्हणली ती? पुन्यांदा सांग."

"म्हणली, सोड, मी न्हाई वढणार. माझ्या बहिणीला इचार."

मायनं मान हलवली, जणू अक्काचा आवाज तिला त्यात ऐकू येत होता. हातातली मेथीची काडी तिनं ताटात ठेवली.

"अजून एकदा," म्हणाली.